झिंग्यातला धातू: डोक्यात किती, शेपटीत किती?

कन्नडपासून समुद्र तीनशेहून अधिक किलोमीटर लांब. तरीही आठवडी बाजारात एका कडेला त्याचा वास येतोच. बारदानावर ओतलेला सुकटीचा ढीग, शेजारी वाळलेले बोंबील आणि डोक्या-मिशांसकट वाळवलेले झिंगे. मापाने घ्यायचे, घरी येऊन तव्यावर भाजायचे, कांदा-लसूण-तिखटात परतायचे आणि भाकरीबरोबर खायचे. मटण महिन्या-दोन महिन्यांतून एकदा शिजणाऱ्या घरात सुकट हाच स्वस्तातला मांसाहार असतो.

अशा घरांत अलीकडे एक शंका शिरली आहे. झिंग्यात शिसे असते, पारा असतो, त्याने मूल मंदबुद्धी होते, असे कोणीतरी मोबाइलवर पाहिलेले असते. मग सुकट बंद होते ती सगळ्यांत आधी गरोदर सुनेची. तिच्या जागी ताटात दुसरे काही येत नाही, पातळ वरण आणि भाकरी तेवढी उरते. जिचे हिमोग्लोबिन मुळातच आठ-नऊ भरते, तिच्या जेवणातला थोडासा प्राणिज आहारही काळजीपोटी काढून घेतला जातो.

शंका अगदीच खोटी नाही. झिंग्यात, म्हणजे कोकणातल्या भाषेत कोळंबीत, धातू असतात. पण 'असतात' आणि 'बाधतात' यांत अंतर आहे, आणि ते मोजता येते. शहरात हाच प्रश्न जरा वेगळ्या तोंडाने येतो: समुद्रातली कोळंबी घ्यावी की तळ्यात वाढवलेली? खरे तर त्याआधी विचारायचे प्रश्न निराळे आहेत. झिंग्याचा कोणता भाग पोटात जातो, तो कोणत्या पाण्यातला आहे, किती वेळा खाल्ला जातो, आणि खाणाऱ्याच्या अंगात लोह किती आहे.

निळे रक्त

जड धातू म्हटले की सगळेच विष, असा समज असतो. कोळंबीला तर तांब्याशिवाय जगताच येत नाही. आपल्या रक्तात प्राणवायू वाहून नेण्याचे काम लोहयुक्त हिमोग्लोबिन करते. कोळंबी, खेकडा यांच्या रक्तात तेच काम तांबेयुक्त हिमोसायनिन करते, म्हणून त्यांचे रक्त निळसर असते. प्रयोगशाळेच्या अहवालात कोळंबीत तांबे आणि जस्त भरपूर दिसले तर घाबरण्याचे कारण नाही. ते तिच्या शरीराचा भाग आहेत आणि आपल्यालाही ते लागतात. काळजी करायची ती चौघांची: शिसे, कॅडमियम, पारा आणि आर्सेनिक. यांचा शरीराला काहीही उपयोग नाही.

कोळंबी गाळात राहते, गाळातले कुजके-नासके खाते. गाळात जे असेल ते तिच्या पोटात जाते. पण तिच्या डोक्यात, पाठीच्या कवचाखाली, एक तपकिरी-पिवळसर मऊ अवयव असतो. आपले यकृत आणि स्वादुपिंड यांची कामे तो एकटाच करतो. आत आलेला कॅडमियम तिथे विशिष्ट प्रथिनांना बांधून ठेवला जातो. त्यामुळे एकाच कोळंबीत डोक्यातला हा अवयव आणि शेपटीचे पांढरे मांस यांतल्या कॅडमियममध्ये दहापट किंवा त्याहूनही जास्त फरक पडू शकतो. शेपटीच्या मांसात तो फारसा जात नाही. पाठीवरून जाणारा काळा धागा म्हणजे तिचे आतडे. त्यात तिने खाल्लेला गाळच असतो.

कायद्यालाही हे ठाऊक आहे. युरोपातली कोळंबीतल्या कॅडमियमची मर्यादा शेपटीच्या आणि पायांच्या मांसाला लागू होते, डोक्याला नाही. खेकड्याच्या कवचातला तपकिरी लगदा बेताने खावा, अशी सूचना युरोपीय आयोगाने २०११ मध्ये वेगळी काढली होती. आपल्याकडे मात्र मोठ्या कोळंबीच्या डोक्यांचा रस काढून कालवणात घालण्याची पद्धत किनाऱ्यावर सर्रास आहे. चव त्यातच असते हे कबूल. कधीमधी सणासुदीला खाल्ल्याने काही बिघडत नाही, पण रोजचा तो रिवाज नसावा.

पाऱ्याची गोष्ट वेगळी

चौघांत पारा सर्वांत भीतिदायक, आणि त्यालाही कारण आहे. जपानमधल्या मिनामाता गावच्या खाडीत चिस्सो कंपनीचा रासायनिक कारखाना १९३२ पासून पारामिश्रित सांडपाणी सोडत होता. खाडीच्या तळाशी गेलेला मिथाइल पारा शिंपल्यांत आणि मासळीत शिरला. आधी गावातली मांजरे झिंगू लागली, गरगर फिरून पाण्यात पडून मेली. मग माणसांची पाळी आली: हातापायांना मुंग्या, बोलणे अडखळणे, नजर आकसत जाणे, झटके. १ मे १९५६ रोजी कारखान्याच्याच रुग्णालयाचे प्रमुख डॉ. हाजिमे होसोकावा यांनी या अनोळखी आजाराची खबर सरकारी आरोग्य कार्यालयाला दिली. पुढे १९५९ मध्ये त्यांनी कारखान्याचे सांडपाणी अन्नात मिसळून मांजराला खाऊ घातले. त्या मांजरालाही तोच आजार झाला. कंपनीने हा निष्कर्ष दाबून ठेवला आणि सांडपाणी १९६८ पर्यंत वाहत राहिले. अधिकृतपणे मान्य झालेल्या रुग्णांची संख्याच दोन हजारांवर आहे. आईला फारशी लक्षणे नाहीत आणि मूल मात्र जन्मतः अपंग, अशी प्रकरणे तिथे दिसली, तेव्हा मिथाइल पारा वारेतून गर्भाच्या मेंदूपर्यंत जातो हे वैद्यकाला कळले. मोबाइलवरची भीती मुळात येते ती इथून.

पण मिनामाताच्या कोळी कुटुंबांचे पोट त्या एका खाडीच्या मासळीवरच चालत होते. ताटात तीच मासळी, दिवसातून दोन-तीनदा, वर्षानुवर्षे. ही बाब संदेश पुढे पाठवणाऱ्यांच्या लक्षात येत नाही.

शिवाय पारा अन्नसाखळीत पायरीपायरीने वाढत जातो. शेवाळ बारीक जीव खातात, त्यांना छोटी मासळी, छोट्या मासळीला मोठी मासळी, आणि प्रत्येक पायरीवर पारा साठत जातो. शार्क किंवा तलवार मासा वर्षानुवर्षे जगतो, आयुष्यभर इतरांना खातो, म्हणून त्याच्या मांसात पारा सर्वांत जास्त. कोळंबी या शिडीच्या खालच्या पायऱ्यांवर आहे आणि तिचे आयुष्यही जेमतेम वर्ष-दोन वर्षांचे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने तिथल्या बाजारातली मासळी अनेक वर्षे तपासली. कोळंबीत पाऱ्याची सरासरी किलोमागे ०.००९ मिलिग्रॅम निघाली, शार्कमध्ये ०.९७९.

हे आकडे ताटाच्या मापात मांडले तर जास्त बोलके होतात. अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या तज्ज्ञ समितीने मिथाइल पाऱ्याची मर्यादा शरीराच्या दर किलोमागे आठवड्याला १.६ मायक्रोग्रॅम ठरवली आहे. ५० किलो वजनाच्या बाईसाठी ती ८० मायक्रोग्रॅम होते. अमेरिकी सरासरीची कोळंबी खाऊन ही मर्यादा गाठायला तिला आठवड्याला जवळपास नऊ किलो कोळंबी खावी लागेल. त्याच सरासरीच्या शार्कचे ऐंशी-पंच्याऐंशी ग्रॅम, म्हणजे दोन-चार तुकडे, पुरेसे आहेत.

कोकणात बाळंतिणीला दूध यावे म्हणून मुशी, म्हणजे लहान शार्क, मुद्दाम खाऊ घालतात. कोळंबीला घाबरून मुशीकडे वळणे म्हणजे विंचवाला भिऊन सापाच्या बिळात हात घालण्यासारखे आहे. लहान मुशीत मोठ्या शार्कएवढा पारा नसतो हे खरे, तरी गरोदरपणात आणि अंगावर पाजताना शार्क टाळावा, हाच जगभरचा सल्ला आहे. त्याच सल्ल्याच्या यादीत कोळंबी आठवड्यातून दोन-तीन वेळा खाण्याजोग्या मासळीत मोडते.

समुद्रातली म्हणजे कुठली?

'समुद्रातली कोळंबी नैसर्गिक, म्हणून शुद्ध' हे वाक्य मासळी बाजारात नेहमी ऐकू येते. समुद्र एक नाही. रत्नागिरीपुढच्या खोल पाण्यातली कोळंबी आणि ठाणे खाडीच्या गाळातली कोळंबी यांना एकाच नावाने विकले जाते, एवढेच त्यांच्यात साम्य.

ठाणे खाडीच्या एका काठावर ठाणे-बेलापूर पट्ट्यातले कारखाने, दुसऱ्या काठावर मुंबईची उपनगरे आणि देवनारची कचराभूमी. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे एम. डी. झिंगडे आणि बी. एन. देसाई यांनी १९८१ मध्येच या खाडीतल्या पाऱ्यावर शोधनिबंध प्रसिद्ध केला होता. त्याच सुमारास कल्याणजवळ आंबिवलीच्या काळू नदीत औद्योगिक सांडपाण्यातून आलेल्या पाऱ्याची चर्चा शास्त्रज्ञ आणि पर्यावरण कार्यकर्ते करत होते. त्या काळी कॉस्टिक सोडा बनवणारे कारखाने पाऱ्याचे सेल वापरत. पुढे देशातले हे कारखाने पारा न लागणाऱ्या मेम्ब्रेन तंत्राकडे वळले. २०१३ मध्ये पाऱ्याच्या वापरावर आंतरराष्ट्रीय करार झाला, त्याला नावच 'मिनामाता करार' दिले गेले, आणि भारताने त्याला २०१८ मध्ये मान्यता दिली. नवा पारा कमी झाला. जुना गाळात बसून आहे. खाडी उपसली, पूल बांधला, पूर आला की गाळ ढवळला जातो.

आज तीच ठाणे खाडी रोहित पक्ष्यांचे अभयारण्य आहे आणि २०२२ पासून रामसर यादीतले पाणथळ क्षेत्रही. पक्ष्यांसाठी ती चांगली असेल. आठवड्याला दोनदा तिथली कोळंबी, तीही डोक्यासकट, खाणाऱ्या काठावरच्या कोळी कुटुंबाचा हिशेब कन्नडच्या घराहून वेगळा आहे, आणि तो वेगळाच मांडायला हवा.

तळ्यातली म्हणजे तरी कुठली?

भारतात तळ्यात वाढवली जाणारी बहुतेक कोळंबी व्हॅनामी जातीची आहे. ही मूळची अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्यावरची. २००९ पासून आपल्याकडे तिच्या शेतीला परवानगी मिळाली. आंध्र प्रदेश त्यात आघाडीवर. महाराष्ट्रात पालघर, रायगडच्या खाड्यांकाठी तळी आहेत. तीन-चार महिन्यांत कोळंबी काढणीला येते. धातूंच्या दृष्टीने ही गोष्ट तिच्या फायद्याची आहे, कारण साठायला वेळच कमी मिळतो. पाणी आणि खाद्य मालकाच्या हातात असते.

पण 'मालकाच्या हातात' ही दुधारी गोष्ट. बांगलादेशात ढाक्याच्या चामड्याच्या कारखान्यांतले क्रोमियमयुक्त टाकाऊ तुकडे कोंबड्यांच्या आणि मासळीच्या खाद्यात मिसळले जात असल्याचे उघड झाले, तेव्हा तिथे मोठी खळबळ उडाली होती. तळ्यातले शेवाळ मारायला मोरचूद वापरतात. त्यातले तांबे तळाशी साठते. भातखाचरात किंवा जुन्या कारखान्याच्या खालच्या अंगाला खणलेल्या तळ्यात मातीच काय सोडेल ते सांगता येत नाही. तरीही परदेशात अडवल्या गेलेल्या भारतीय कोळंबीच्या मालाची कारणे पाहिली तर धातूंपेक्षा बंदी घातलेली प्रतिजैविके, नायट्रोफ्युरान आणि क्लोरॅम्फेनिकॉल, यांचीच नावे वारंवार दिसतात. तळ्यातल्या कोळंबीबाबत काळजी करायची असेल तर ती या औषधांची करावी. घरी धुतल्याने, शिजवल्याने ती जातील यावर विसंबता येत नाही, आणि गिऱ्हाइकाला डोळ्यांनी ओळखूही येत नाहीत.

थोडे घरच्या पाण्याकडेही पाहिले पाहिजे. कन्नडजवळून वाहणारी शिवना गोदावरीला मिळते. छत्रपती संभाजीनगर शहराचे सांडपाणी पोटात घेणारी खाम नदीही गोदावरीकडेच जाते, आणि पुढे पैठणचा नाथसागर. गोदावरीच्या खोऱ्यात गोड्या पाण्यातले झिंगे पूर्वीपासून आहेत. पावसाळ्याच्या तोंडाला ओढ्या-नाल्यांत मिळणारे छोटे झिंगे मुले फडक्यात धरतात. गावाच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या पाण्यात पकडलेल्या झिंग्यांबाबत काळजीचे कारण नाही. शहराच्या आणि औद्योगिक वसाहतीच्या खालच्या अंगाला, काळ्या पाण्याच्या नाल्यात पकडलेले मात्र खाऊ नयेत, आणि त्याला धातूंआधी साधे कारण आहे, ते म्हणजे मैला.

सुकटीचा हिशेब

आता बाजारातल्या त्या ढिगाकडे वळू. सुकटीतला मोठा वाटा जवळ्याचा. दीड-दोन इंचांपेक्षा लहान हा जीव अख्खाच वाळतो आणि अख्खाच खाल्ला जातो. डोके, आतडे, कवच, सगळे. डोके काढण्याचा सल्ला इथे कामाचा नाही. शिवाय वाळवताना पाणी उडून जाते आणि बाकीचे सगळे एकवटते. ताज्या कोळंबीत चार भागांत तीन भागांहून जास्त पाणी असते. म्हणजे किलोभर सुकट करायला चार-पाच किलो ओला माल लागतो, आणि धातूचा आकडाही तेवढ्या पटीने वाढलेला दिसतो.

भीतीदायक बातम्यांपैकी अनेक इथेच जन्माला येतात. संशोधक आपले आकडे बहुधा वाळलेल्या वजनावर देतात, कारण त्यांना नमुन्यांची तुलना करायची असते. कायद्याची मर्यादा असते ताज्या, ओल्या मांसावर. शिसे, कॅडमियम आणि पारा या तिन्हींसाठी कोळंबीवर्गात ही मर्यादा भारतात आणि युरोपातही किलोमागे अर्धा मिलिग्रॅम आहे. वाळलेल्या नमुन्यात किलोमागे एक मिलिग्रॅम निघाले की 'मर्यादेच्या दुप्पट' असा मथळा होतो. प्रत्यक्षात ओल्या वजनावर तो आकडा पाव मिलिग्रॅमच्या आत असतो, म्हणजे मर्यादेच्या निम्म्यापेक्षा कमी. बातमी वाचताना आकड्याशेजारी 'वाळलेले वजन' लिहिले आहे का, एवढे पाहिले तरी निम्मी झोप वाचेल.

ताटातले गणितही पाहू. पाच माणसांच्या घरात शंभर ग्रॅम सुकट एका वेळी संपते. माणशी वीस ग्रॅम, म्हणजे ओल्या मालाचे ऐंशी-शंभर ग्रॅम. कॅडमियमची आंतरराष्ट्रीय मर्यादा शरीराच्या दर किलोमागे महिन्याला २५ मायक्रोग्रॅम आहे. ५० किलोच्या बाईला ती १,२५० मायक्रोग्रॅम पडते. सगळा माल कायद्याच्या मर्यादेच्या अगदी काठावरचा धरला, तरी तिला महिन्याला अडीच किलो ओला माल, म्हणजे अर्धा किलोहून अधिक सुकट एकटीने खावी लागेल. आठवड्यातून एकदा वीस ग्रॅम खाणारी बाई त्याच्या सहाव्या-सातव्या हिश्शापर्यंत पोहोचते. अर्थात कॅडमियम धान्यातून आणि भाजीतूनही येतो, म्हणून रोज दोन वेळा सुकट खाण्याचा सल्ला कोणी देणार नाही. जपानमध्येच जिन्झू नदीकाठी कॅडमियमने बायकांची हाडे ठिसूळ झाली, त्या 'इताई-इताई' आजाराचे मूळ मासळीत नव्हते. खाणीचे पाणी प्यायलेल्या भातात होते. जे रोज खाल्ले जाते त्याचा हिशेब आधी करायचा असतो.

आर्सेनिकबद्दल दोन शब्द पुरेत. समुद्रातल्या कोळंबीत एकूण आर्सेनिक जास्त दिसते, पण त्यातले बहुतेक आर्सेनोबेटेन नावाच्या रूपात असते. ते शरीरात बदलत नाही, लघवीवाटे निघून जाते आणि विषारी नाही. विहिरीच्या पाण्यातले आर्सेनिक हे वेगळे आणि घातक. कोणाला लघवीतल्या आर्सेनिकची तपासणी करायची असेल तर आधीचे तीन-चार दिवस समुद्री मासळी खाऊ नये. नाहीतर अहवाल उगाच वाढलेला येतो आणि सोबत औषधांचे बिलही.

लोह कमी, कॅडमियम जास्त

सगळ्या प्रकरणातली डॉक्टरांना सर्वांत महत्त्वाची वाटणारी बाब कोळंबीत नाही, खाणारीच्या शरीरात आहे. आतड्याला लोह आणि कॅडमियम यांत नीट फरक करता येत नाही. शरीरात लोह कमी पडले की आतडे लोह खेचून घेणारी दारे वाढवते, आणि त्याच दारांतून कॅडमियमही जास्त आत येतो. एरवी अन्नातल्या कॅडमियमचा शंभरातला तीन-पाच टक्के भाग शोषला जातो. लोह कमी असलेल्या बाईत तो दुप्पट किंवा त्याहून जास्त होऊ शकतो. लोहाच्या कमतरतेत शिसेही, विशेषतः लहान मुलांत, जास्त शोषले जाते. आत गेलेला कॅडमियम मूत्रपिंडात दहा ते तीस वर्षे मुक्काम करतो.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. आता त्या गरोदर सुनेकडे पुन्हा पाहा. धातूच्या भीतीने तिची सुकट बंद केली, सुकटीतली प्रथिने, कॅल्शियम, बी-१२ आणि थोडेफार लोह गेले. रक्त आणखी उतरले. आणि धान्यातून, धुरातून, धुळीतून येणारा धातू शोषून घेण्याची तिच्या आतड्याची क्षमता वाढली. ज्यापासून वाचवायचे होते त्याचीच वाट मोकळी झाली. आरोग्य केंद्रात फुकट मिळणाऱ्या लोहाच्या लाल गोळ्या नियमित घेणे हा धातूंपासून बचावाचाही उपाय आहे. गोळीने शी काळी होते, मळमळते म्हणून ती उशाखाली ठेवून दिली जाते, हे प्रत्येक आशाताईला माहीत आहे. चहाबरोबर न घेता रात्री जेवणानंतर घेतली तर मळमळ बरीच कमी होते.

आणि घरातल्या धातूंचे काय? तंबाखूचे झाड मातीतला कॅडमियम ओढून पानात साठवते. बिडी ओढणाऱ्याच्या शरीरात न ओढणाऱ्याच्या साधारण दुप्पट कॅडमियम सापडतो. सुनेची सुकट बंद करणारे सासरे ओसरीवर बिडी पेटवून बसलेले असतात, हे चित्र काही दुर्मीळ नाही. शिशाचे बोलायचे तर युनिसेफ आणि प्युअर अर्थ यांच्या २०२० च्या अहवालानुसार भारतात सुमारे साडेसत्तावीस कोटी मुलांच्या रक्तात डेसिलीटरमागे ५ मायक्रोग्रॅमहून जास्त शिसे असावे. ते झिंग्यांतून आलेले नाही. जुन्या बॅटऱ्या उघड्यावर वितळवणे, रंग, काही ठिकाणच्या सुट्या हळदीला पिवळेपणा आणण्यासाठी लावलेले लेड क्रोमेट, शिसेयुक्त सुरमा आणि बिनलेबलाची भस्मे ही त्याची खरी वाट. मूल पोटात गेलेल्या शिशाचा निम्म्यापर्यंत भाग शोषते, मोठा माणूस साधारण दहावा. गल्लीत बॅटरी फोडणारे दुकान असेल तर त्या घराने कोळंबीची चर्चा नंतर करावी.

स्वयंपाकघरात

ताजी कोळंबी आणली तर डोके काढावे, पाठीवर चीर देऊन काळा धागा ओढून टाकावा, मग धुवावी. बर्फावर ठेवलेल्या कोळंबीचे डोके काळे पडले तर ते धातूमुळे नव्हे. सफरचंद कापून ठेवल्यावर काळे पडते तशीच ती क्रिया आहे. माल शिळा होत चालल्याची ती खूण, म्हणून घेऊ नये. मोठे वाळलेले झिंगे घेतले असतील तर डोकी आणि पाय खुडून टाकावेत. सोडे, म्हणजे सोलून वाळवलेली कोळंबी, महाग पडते, पण या दृष्टीने सर्वांत निर्धास्त. जवळा चाळून, दोन-तीन पाण्यांतून काढावा. वाळूवर, रस्त्याकडेला वाळवलेल्या मालात धूळ असते आणि धुळीत शिसे असू शकते. ती धुऊन जाते. मांसात मुरलेला धातू धुण्याने जात नाही, लिंबू-व्हिनेगरनेही नाही. तसे सांगणाऱ्या चित्रफिती करमणूक म्हणून पाहाव्यात.

गरोदर बाईने आठवड्यातून एक-दोन वेळा सुकट किंवा कोळंबी खायला हरकत नाही. तिला किंवा घरात कोणाला झिंगे खाल्ल्यावर अंगावर गांध्या उठतात, ओठ सुजतात, धाप लागते, असे पूर्वी झाले असेल तर मात्र एकही घास नको. ती ॲलर्जी आहे आणि तिने मिनिटांत जीव जाऊ शकतो. दवाखान्यात येणाऱ्यांत झिंग्याने झालेला खरा त्रास बहुतेक वेळा हाच असतो, किंवा शिळ्या मालाने झालेले जुलाब.

'शरीरातले धातू बाहेर काढणारे' काढे, पायाला लावायच्या पट्ट्या, केसांची तपासणी यांवर पैसे घालवू नयेत. धातू बांधून बाहेर काढणारी खरी औषधे आहेत, पण ती रक्तातले शिसे फार वाढलेले सिद्ध झाल्यावर रुग्णालयात, देखरेखीखाली द्यायची असतात. विनाकारण घेतल्यास ती जस्त आणि कॅल्शियमही सोबत घेऊन जातात.

बाजारातल्या मालाचाच संशय असेल तर त्यालाही कायद्यात वाट आहे. अन्नसुरक्षा व मानके कायदा, २००६ च्या कलम ४० प्रमाणे कोणताही ग्राहक विकत घेतलेला पदार्थ शुल्क भरून अन्न विश्लेषकाकडून तपासून घेऊ शकतो. घेतानाच विक्रेत्याला तसे सांगावे लागते. माल नियमात न बसणारा निघाला तर भरलेले शुल्क परत मिळते. एकट्या घराला हे जड जाईल. बचत गटाने किंवा ग्रामपंचायतीने हंगामात एकदा सुकटीचा एक नमुना पाठवायला काही अडचण नाही. पाठवताना अर्जावर तीन नावे लिहावीत: शिसे, कॅडमियम, पारा. आणि अहवाल ओल्या वजनावर आहे की वाळलेल्या, ते विचारून घ्यावे.